विकेनबर्ग, अ‍ॅरिझोना: सोनं, गुरं आणि वाळूखालची नदी

वाळवंटी_सातारकर (धागाकर्ता)

फिनिक्सला येऊन अकरा वर्षं झाली. भारतातून पाहुणे आले की ग्रँड कॅन्यन, सेडोना आणि जमलं तर लास व्हेगास, हा आमचा ठरलेला फेरा. व्हेगासच्या वाटेवर तासाभरात विकेनबर्ग लागतं. तिथे गाडीत पेट्रोल भरायचं, पोरांना खाली उतरवायचं आणि निघायचं. मीही कित्येक वर्षं तेवढंच केलं. मागच्या हिवाळ्यात मात्र ओळीने तीन रविवार फक्त या गावासाठी काढले, आणि इतकं काही हाती लागलं की इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

गाव छोटं, वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. नदीवर पूल आहे आणि पुलाखाली नुसती वाळू. नदीचं नाव हसायांपा. शंभर मैलांहून लांब वाहते, पण बहुतेक वाटभर वाळूच्या खालून. गावाच्या दक्षिणेला खडक वर आल्यामुळे तिला काही मैल उघड्यावर यावंच लागतं, आणि तिथे भर वाळवंटात कॉटनवुड आणि विलोची हिरवीगार राई उभी आहे. या नदीचं पाणी जो पिईल तो पुन्हा कधी खरं बोलणार नाही, अशी इथली जुनी म्हण. सोन्याच्या मागे लागलेल्या माणसांच्या गावात ती का पडली असेल ते समजतं.

१८६३ साली हेन्री विकेनबर्ग या प्रशियातून आलेल्या माणसाला इथून बारा मैलांवर सोन्याची शीर सापडली. मेलेलं गिधाड उचलायला गेला आणि खाली सोनं चमकलं, अशी आख्यायिका. म्हणून खाणीचं नाव व्हल्चर, म्हणजे गिधाड. पुढे ती अ‍ॅरिझोनातली सगळ्यात जास्त सोनं देणारी खाण ठरली. १९४२ पर्यंत तिथून ३ लाख ४० हजार औंस सोनं निघालं. आपल्या हिशेबात सुमारे साडेदहा टन.

पण सोनं सापडलं तिथे पाण्याचा थेंब नव्हता. गारगोटीत अडकलेलं सोनं सोडवायचं तर दगड दळावा लागतो आणि दळायला पाणी लागतं. मग दगड गाढवांवर आणि गाड्यांवर लादून बारा मैल नदीकाठी आणायचा. हेन्रीने स्वतः फार खणलंच नाही. टनाला पंधरा डॉलर द्या, तुम्हीच खणा, तुम्हीच वाहून न्या, असा त्याचा व्यवहार. नदीकाठी ‘अरास्त्रा’, म्हणजे दगड दळायच्या घाण्या, मांडल्या गेल्या आणि त्यांच्याभोवती माणसं राहू लागली. तेच विकेनबर्ग. खाणीपाशी जे गाव झालं, व्हल्चर सिटी, ते खाण बंद पडताच ओस पडलं. पाण्यापाशी झालेलं गाव अजून नांदतंय.

अरास्त्रा पाहिली तेव्हा मी जागीच थांबलो. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल खळगा, मधोमध खुंट, खुंटाला आडवं लाकूड, लाकडाला साखळीने बांधलेले जड दगड. खेचर गोल फिरणार, दगड फरफटत जाणार, खालचं खनिज पिठासारखं होणार. आपली चुन्याची घाणीच ही! साताऱ्याजवळच्या आमच्या गावी वाड्यामागे अशाच घाणीचा दगडी चर आहे, लहानपणी आम्ही त्यात गोट्या खेळायचो. इथे फरक इतकाच की पिठात पारा घालत. पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तो गोळा तापवला की पारा उडतो आणि सोनं उरतं. हे तंत्र मेक्सिकोच्या सोनोरा भागातून आलेल्या खाणकामगारांनी आणलं. गावाच्या इतिहासात हेन्रीचं नाव मोठ्या अक्षरात आहे, या कामगारांची नावं बहुतेक कुठे नाहीत. मला ते लागलं.

हेन्रीचं पुढे काय झालं? १८६६ मध्ये त्याने खाणीतला मोठा हिस्सा ८५ हजार डॉलरला विकला, हातात आले २० हजार. उरलेल्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तो पैसा कधी मिळालाच नाही. नदीकाठी शेती करून राहिला. १८९० साली तीही गेली. वरच्या अंगाला वॉलनट ग्रोव्ह इथे ११० फुटांचं दगडी धरण बांधलं होतं, मुख्यतः सोन्याची रेती धुवायला पाणी हवं म्हणून. जादा पाणी काढून द्यायचा सांडवा मात्र अगदीच अपुरा. २२ फेब्रुवारी १८९० ला पहाटे ते फुटलं. किमान सत्तर माणसं गेली, काही अंदाज शंभराच्या वर जातात. धोक्याची खबर घेऊन निघालेला स्वार वाटेत दारूच्या गुत्त्यावर थांबला, असं सांगतात. हेन्रीच्या शेतावर गाळ आणि दगडगोटे येऊन बसले. १९०५ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, घराजवळच्या मेस्कीटच्या झाडांखाली तो डोक्यात गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या अशी नोंद आहे.

गुरांबद्दल आणि रँचबद्दल, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानांबद्दल, लिहायचं राहिलं. ते प्रतिसादांत लिहितो. कुणी गेलं असेल तर नक्की भर घाला.

निशिगंधा_क

किती सुंदर लिहिलंय! आम्ही चँडलरला राहतो, दर नाताळात व्हेगासला जाताना तिथेच कॉफी घेतो आणि यातलं काहीही माहीत नव्हतं. गावात ‘जेल ट्री’ अशी पाटी बघितल्याचं आठवतंय, ते काय प्रकरण?

वाळवंटी_सातारकर

निशिगंधाताई, ते मुख्य चौकाजवळचं मेस्कीटचं झाड. तुरुंग बांधायला ना पैसा ना वेळ, म्हणून १८६३ ते १८९० पर्यंत कैद्यांना या झाडाला साखळदंडाने बांधून ठेवत. झाड दोनशे वर्षांचं मानतात. मेस्कीट म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ ज्या कुळातली, त्याच कुळातली. पान जवळून बघा, तशीच बारीक पानं, तशाच शेंगा. आपल्याकडे वेडी बाभूळ म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, पण तिच्या या बहिणीवर इथल्या माणसांचं शतकानुशतकं पोट भरलं आहे. मूळ रहिवासी शेंगा कुटून पीठ करत. खाण आल्यावर तिचंच सरपण बॉयलरमध्ये गेलं आणि गुरांना सावलीही तिचीच.

गारगोटी

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी होतो, आता नागपुरात शिकवतो. व्हल्चरबद्दल वाचलंय, म्हणून थोडी भर.

सोनं तिथे गारगोटीच्या शिरेत आहे. अशी शीर जमिनीत तिरकी जात असते आणि खाणकामगार तिच्या मागे मागे खाली उतरतात. पण या भागाचं कवच कोट्यवधी वर्षं ताणलं गेलंय, त्यामुळे जागोजागी भ्रंश आहेत. भ्रंश म्हणजे खडक तुटून एक बाजू सरकलेली. खणत खणत भ्रंशापाशी आलं की समोर एकदम नुसता खडक. शीर संपली म्हणावं तर संपलेली नसते, पलीकडे कुठेतरी सरकलेली असते. कुठे आणि किती, हे तेव्हा कुणाला कळणार? व्हल्चरची शीर अशीच हरवली आणि कंपन्या एकामागून एक बसल्या. १९०८ नंतर नव्या कंपनीने तिचा सरकलेला भाग शोधून काढला आणि खाण पुन्हा काही वर्षं जोरात चालली. एखादी खाण चार वेळा बंद होऊन पाचव्यांदा सुरू होते त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

अजून एक. खाणीत छत पडू नये म्हणून खनिजाचेच खांब सोडतात, आणि खांबातही सोनं असतंच. १९२३ साली सात कामगार ते खांब कोरायला गेले आणि छत खाली आलं. सात माणसं आणि बारा गाढवं त्यात गाडली गेली, असं सांगतात. तो मोठा खड्डा अजून आहे म्हणे. सातारकर, तुम्ही बघितला का?

वाळवंटी_सातारकर

बघितला. कुंपणाबाहेरून. गाइडने ती गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या गटात कुणी बोललं नाही. माझ्या मनात गाढवं राहिली. बारा गाढवं आत असणं म्हणजे ते काम किती शांतपणे, रोजच्यासारखं चाललं असेल.

व्हल्चर सिटी आज खासगी मालकीची आहे, तिकीट काढून आत जाता येतं. बऱ्याच इमारतींची डागडुजी झालीये. मुदपाकखाना आहे, कामगारांची घरं आहेत, खाणीवरचा लाकडी सांगाडा आहे. सोन्याचा कस बघायचं जे दगडी घर आहे त्याच्या भिंती खाणीतल्याच टाकाऊ दगडाच्या, म्हणजे भिंतीतही थोडं सोनं. पुढे अशी काही घरं पाडून त्यांचे दगड पुन्हा दळले, इतकी निकड. १८८० च्या सुमारास हसायांपाचं पाणी नळाने थेट खाणीपर्यंत आणलं आणि तिथेच ८० मुसळांची गिरणी बसवली. लोखंडी मुसळं, वाफेवर वरखाली होणारी. ८० मुसळं रात्रंदिवस एकदम पडत असतील तर लोक झोपत कसे असतील?

१९४२ मध्ये युद्धासाठी तांबं, शिसं वगैरे धातू हवे होते, सोनं नको होतं. सरकारी आदेशाने सोन्याच्या खाणी बंद झाल्या आणि तिथली माणसं पांगली.

मृगजळ_७

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. गैरसमज नसावा. ही जमीन यावापाई लोकांची होती. ‘सोनं सापडलं, गाव वसलं’ असं लिहिताना तिथे आधीपासून कुणीतरी राहत होतं हे सुटून जातं. १८७१ साली विकेनबर्गजवळ टपालाच्या घोडागाडीवर हल्ला झाला, सहा जण मेले, ठपका यावापाईंवर आला. त्यानंतर लष्कराने त्यांच्यावर मोहीमच काढली. १८७५ च्या फेब्रुवारीत व्हर्दे खोऱ्यातून सुमारे दीड हजार यावापाई आणि अपाची लोकांना पायी सान कार्लोसच्या राखीव वसाहतीत हाकलत नेलं. १८० मैल, थंडीत, नद्यांना पूर. शंभराहून जास्त माणसं वाटेत गेली. वारसा म्हणायचा तर तो हा सगळा मिळून.

वाळवंटी_सातारकर

मृगजळ, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी लिहायला हवं होतं. नदीचं ‘हसायांपा’ हे नावसुद्धा मूळ रहिवाशांकडूनच आलेलं आहे. ते नाव मी दहा वेळा घेतो आणि माणसांचा उल्लेख करत नाही, ही चूकच.

याला जोडून एक गोष्ट. फिनिक्स शहर विकेनबर्गमुळे उभं राहिलं. खाणीवरच्या माणसांना धान्य आणि जनावरांना चारा हवा होता, आणि इथे पिकवायला जागा नाही. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाचा माणूस सॉल्ट नदीच्या खोऱ्यात गेला. तिथे होहोकाम लोकांनी खोदलेले जुने कालवे होते, त्याच्याही चारशे वर्षं आधी सोडून दिलेले. ते उकरून त्यांत पुन्हा पाणी सोडलं आणि धान्य, गवत पिकवून खाणींकडे पाठवलं. जुन्या वस्तीच्या राखेतून नवं गाव उठलं म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव, फिनिक्स. आज अमेरिकेतल्या पहिल्या पाच मोठ्या शहरांतलं शहर, आणि त्याखाली आडवे पडलेत ते मूळ लोकांनी हातांनी खोदलेले कालवे.

माणदेशी

गुरांबद्दल लिहा की राव! आम्ही वाट बघतोय. वाळवंटात गुरं जगतात कशी? आमच्याकडं माणात उन्हाळ्यात छावणीशिवाय भागत नाही.

वाळवंटी_सातारकर

माणदेशी, तुम्हाला कळेल असं लिहितो.

इथे गुरं एका जागी बांधून नसतात. मोठ्या रानात सोडलेली. गवत इतकं विरळ की एका गाईला कित्येक एकर लागतात. जमीन बरीचशी सरकारी. पूर्वी ज्याची गुरं पोहोचतील त्याचं रान, असा मामला होता. १८८० नंतर रेल्वे आली आणि भाव मिळतोय म्हणून लोकांनी बेसुमार गुरं वाढवली. मग १८९१ ते ९३ चा दुष्काळ पडला. दक्षिण अ‍ॅरिझोनात निम्म्याहून जास्त गुरं मेली. गवत मुळापासून गेलं ते पुष्कळ ठिकाणी परत आलंच नाही. १९३४ मध्ये कायदा झाला, तेव्हापासून चराईचा परवाना लागतो. किती गुरं, किती महिने, सगळं ठरलेलं.

आणि इथेही गोष्ट पाण्यावरच येते. रँच किती मोठी हे एकरांवर कमी आणि पाणी कुठे कुठे आहे त्यावर जास्त ठरतं. बोअरवर पवनचक्की, शेजारी टाकी, ओढ्याला मातीचा बांध घालून केलेलं तळं. गाय पाण्यापासून फार लांब चरायला जात नाही. त्यामुळे पाणवठ्याजवळचं रान खरवडून निघतं आणि लांबचं तसंच राहतं. चांगला रँचवाला एक पाणवठा बंद करून दुसरा उघडतो, गुरं आपोआप हलतात. काठी न उगारता कळप हाकायची ही रीत मला फार आवडली.

दुष्काळात निवडुंगाचे काटे मशालीने जाळून तो गुरांना घालत.

माणदेशी

हे तर आमच्याकडचंच! बहात्तरच्या दुष्काळात आज्याने फड्या निवडुंग भाजून बैलांना घातलेला, वडील सांगतात. वास सगळ्या वस्तीवर पसरायचा म्हणे. पाणवठा बंद करून कळप हलवायचं धनगरांना सांगितलं तर लगेच पटंल.

खोगीर_आणि_मी

मी पुण्यात घोडेस्वारी शिकले, आता टेक्सासात असते. मागच्या फेब्रुवारीत विकेनबर्गला आठवडाभर होते, टीम रोपिंग बघायला आणि थोडं शिकायला. हिवाळ्यात तिथे हजारो लोक घोडे घेऊन येतात. जगातली टीम रोपिंगची राजधानी म्हणवतं ते गाव स्वतःला, आणि ते खोटं नाही.

खेळ असा. शिंगांच्या चपळ कॉरिएंते जातीच्या जनावराला दोन स्वार धरतात. पहिला शिंगांना फास टाकतो आणि वळवतो, दुसरा त्याच क्षणी मागच्या दोन पायांत. मूळ काम रानातलंच, मोठ्या जनावराला औषध द्यायचं किंवा डाग द्यायचा तर एकट्याने जमत नाही. फास पडला की दोर खोगिराच्या पुढच्या खुंटाला झटकन गुंडाळायचा, त्याला ‘दॅली’ म्हणतात, स्पॅनिश ‘दार ला वुएल्ता’ वरून. दोर घसरू नये म्हणून खुंटावर रबर गुंडाळलेलं असतं. त्या क्षणी अंगठा वरच हवा. दोर आणि खुंटामध्ये सापडला तर तुटतो. मला शिकवणाऱ्या आजोबांच्या उजव्या हाताला अंगठा पेराच्या वर नव्हता. ते शब्दाने काही बोलले नाहीत, फक्त हात माझ्यासमोर धरला आणि मग माझा अंगठा वर करून दाखवला.

काउबॉयची जवळजवळ सगळी भाषा मेक्सिकन ‘वाकेरो’कडून आलीये. ‘लॅरिएट’ म्हणजे ‘ला रेआता’, ‘चॅप्स’ म्हणजे ‘चापारेरास’. सातारकरांनी अरास्त्राबद्दल लिहिलं तेच इथेही.

निशिगंधा_क

खोगीर, तुझा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. तिथे पाहुण्यांना राहता येईल अशा रँच असतात ना? आईबाबा जानेवारीत येतायत.

खोगीर_आणि_मी

असतात. त्यामागेही कारण आहे. १९२० च्या दशकात गुरांचे भाव पडले. रेल्वे १८९५ पासून होतीच, हिवाळा कोवळा, आणि पूर्वेकडच्या थंडीतल्या पैसेवाल्या लोकांना घोडे आणि मोकळं रान हवं होतं. मग रँचवाल्यांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या. ‘ड्यूड रँच’ म्हणतात त्यांना. विकेनबर्ग त्यांचीही राजधानी होतं. आता मोजक्या उरल्यात. के एल बार ही मातीच्या विटांची जुनी रँच आहे, रँचो दे लोस काबायेरोस १९४८ पासूनची. आईबाबांना पहाटेच्या घोडेफेरीला जमणार नसेल तरी नुसतं व्हरांड्यात बसायला न्या.

चिंचपेटी

लहान मुलं असतील तर माझा अनुभव वाचा. पायवाटेवर धाकटीच्या पिंडरीला चोयाचा गोळा चिकटला. चोया म्हणजे निवडुंगाची ती जात जी नुसतं घासलं तरी अंगाला येऊन बसते. मी घाबरून हाताने ओढायला गेले तर माझ्या बोटांतही. वाटेवरच्या एका बाईंनी कंगवा काढला, गोळ्याखाली दात घातले आणि एका झटक्यात उडवला. तेव्हापासून पर्समध्ये कंगवा आणि चिमटा असतोच. उघड्या खाणींच्या तोंडापाशी मात्र मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. त्या राज्यात सोडून दिलेल्या खाणी हजारोंनी आहेत आणि सगळ्यांना कुंपण नाही.

वाळवंटी_सातारकर

चिंचपेटी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. निशिगंधाताई, आईबाबांसाठी असं करा. सकाळी लवकर व्हल्चर सिटी, ऊन चढायच्या आत. मग गावात डेझर्ट काबायेरोस वेस्टर्न म्युझियम, तिथे जुनं घर आणि दुकान मांडून ठेवलंय, बाबांना तास-दीड तास सहज जाईल. जेवून जेल ट्री आणि १८९५ चं रेल्वे स्टेशन. दुपार उतरली की हसायांपा रिव्हर प्रिझर्व्ह. पावणेतीनशेहून जास्त जातींचे पक्षी तिथे नोंदलेत. फेब्रुवारीपर्यंत थांबणार असतील तर ‘गोल्ड रश डेज’ हा उत्सव बघा, १९४८ पासून भरतो. माणशी दोन लिटर पाणी गाडीत ठेवा.

निशिगंधा_क

परत आलो, म्हणून लिहिते. आई म्युझियममध्ये एका रजईसमोर बराच वेळ उभी होती, टाके मोजत. बाबांना अरास्त्रा दाखवली तर तुमच्यासारखंच म्हणाले, “अगं, ही घाणी!”

पण सांगायचं ते पुलाजवळचं. पाऊस होऊन आठवडा झाला होता, नदी कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, बाबा, ही खालून वाहते. बाबा काही बोलले नाहीत. बाह्या वर केल्या, वाळूत गुडघे टेकले आणि झिरा खणतात तसं दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागले. आमच्या मराठवाड्यातल्या गावी उन्हाळ्यात पाणी असंच काढायचे, मी ते फक्त ऐकलं होतं. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा वाळूचा रंग बदलला. बाबांनी मूठभर वर काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली. गार होती.

माणदेशी

झिरा! बाबांना नमस्कार सांगा.